आजोबांची होडी आणि दुसरा गाडा

होडी पाण्यात असते तेव्हा तिला कोणी कुठे धरलंय हा प्रश्नच येत नाही. तळाच्या प्रत्येक इंचावर पाणी तिला थोडं थोडं उचलून धरतं. तीच होडी जमिनीवर आणली की हे काम आपल्याला करावं लागतं, आणि आपल्याकडे पाण्याइतके हात नसतात. मग चार-पाच जागा निवडाव्या लागतात. त्या भलत्याच निवडल्या तर होडी एका दिवसात मोडत नाही. पण दोन-तीन महिन्यांत एखादी फळी आत दबते, सांधा उघडतो, आणि पुढच्या वेळी पाण्यात घातली की पायाशी थंड पाणी लागतं. गेल्या उन्हाळ्यात चोडणच्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात बाबांनी आणि मी जे सहा रविवार घालवले, ते या चार-पाच जागा शोधण्यातच गेले.

होडी आजोबांची. तेरा फूट लांब, मध्ये सव्वाचार फूट रुंद. फळ्या आंब्याच्या, आतल्या फासळ्या फणसाच्या, आणि तळाच्या मधोमध नाळेपासून मागच्या फळीपर्यंत जाणारं एकच लांब, जाड लाकूड. त्याला आजोबा होडीचा कणा म्हणत. माझ्या जन्माच्या आधीची ही होडी. आजोबा तिच्यातून मासे मारायला जात, खाजनाच्या बांधाला कुठे भगदाड पडलंय का ते पाहायला जात, मानशीकडे जात, कधी नारळ आणत. दर वर्षी पावसाआधी तिला काजूच्या टरफलांचं तेल लावलं जाई. त्या तेलाचा वास आणि मे महिना या दोन गोष्टी माझ्या डोक्यात अजून एकत्रच आहेत.

चोडण हे मांडवीतलं बेट. रायबंदरहून फेरीबोटीनं यायचं. बेटावरच्या माणसाला पाणी म्हणजे अडथळा वाटत नाही, रस्ता वाटतो. बाबा शाळेत होते तेव्हा, १९८६ च्या जुलैत, पणजीचा मांडवी पूल कोसळला. बाबा सांगतात, पणजीकडची माणसं हवालदिल झाली होती आणि आमच्या घरी आजोबा शांतपणे म्हणाले होते, पूल गेला, नदी आहे ना. हा किस्सा आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झालाय की आता त्यातलं खरं किती आणि नंतर चढलेलं किती, कोण जाणे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आजोबा गेले. आजी आमच्याकडे पर्वरीला आली. चोडणच्या घरात राहायला कोणी उरलं नाही, आणि काका-बाबांनी ते विकायचं ठरवलं. मे महिन्याच्या शेवटी किल्ली द्यायची होती. भांडीकुंडी, पाट, देव्हारा, आजीची शिलाईची मशीन, सगळ्यांची वाटणी फारसा शब्द न वाढवता झाली. राहिली ती मागच्या खोपीतली होडी.

काकांनी एक गिऱ्हाईक आणलं होतं. किनाऱ्याकडे एक हॉटेल उभं राहत होतं, त्यांना जुनी लाकडी होडी हवी होती. पंधरा हजार देणार होते. होडी मधून आडवी कापायची, नाळेचा अर्धा भाग भिंतीला उभा करायचा आणि त्यात फळ्या ठोकून बाटल्या मांडायच्या. गोव्यात अशा कितीतरी होड्या उभ्या केलेल्या तुम्हीही पाहिल्या असतील. कुठे त्यात सॅलड मांडलेलं असतं, कुठे झाडं लावलेली असतात. काकांचं म्हणणं अगदीच गैर नव्हतं. खोपीत कुजून जाण्यापेक्षा चार माणसांच्या नजरेत तरी राहील, असं ते म्हणाले. आईचा प्रश्न आणखी सरळ होता. "हें व्हडें घरा हाडून तुमी कितें करतले?" पर्वरीच्या आमच्या घराला अंगण म्हणून जी पट्टी आहे, तिथे दोन स्कूटर आणि तुळस एवढंच मावतं.

बाबा बँकेत नोकरी करतात. आजोबांबरोबर ते लहानपणी होडीत बसले, पण वल्हं त्यांच्या हातात फारसं आलं नाही. त्यांनी शिकावं आणि नोकरीला लागावं, हे आजोबांनीच ठरवलं होतं. आजोबा गेल्यापासून बाबा खोपीकडे फिरकलेही नव्हते. त्या दिवशी मात्र ते काकांना म्हणाले, "मे संपेपर्यंत थांब. तोवर ती चाकांवर बसून या अंगणातून बाहेर पडली तर माझी. नाही पडली तर तुझ्या हॉटेलवाल्याला दे." काकांनी मान हलवली. वर म्हणाले, "ट्रेलरचा खर्च पंधरा हजारांच्या वर जाईल, लिहून ठेव." तो गेलाही.

ट्रेलर मिळाला तो जुना. वॉटर स्पोर्ट्सचा धंदा बंद केलेल्या एका माणसाकडे पडून होता. कागदपत्रं नीट होती. ट्रेलरचीही वाहन म्हणून नोंदणी असते, हे मला तेव्हा कळलं. गंज होता, पण वरवरचा. अडचण वेगळीच होती. तो ट्रेलर फायबरच्या बोटीसाठी बनवलेला होता. त्याच्यावर डाव्या-उजव्या बाजूंना दोन लांब फळ्या, त्यांवर गालिच्यासारखं कापड, आणि मध्ये काहीच नाही. फायबरची बोट म्हणजे एकच सलग कवच. ती अशा दोन फळ्यांवर पोट टेकून मजेत बसते. आमची होडी तशी बसवली असती, तर तिचं सगळं वजन बाजूच्या दोन फळ्यांवर आलं असतं, तेही फासळ्यांच्या मधल्या जागेत, जिथे आतून काहीच आधार नाही. शिवाय ते कापड पाणी धरून ठेवतं. लाकडाला सतत ओल्या फडक्यावर बसवणं म्हणजे कुजायला आमंत्रण.

हे सगळं आम्हाला पहिल्या रविवारी माहीत होतं असं नाही. ते आम्हाला एका मोडक्या गाड्यानं सांगितलं.

खोपीत होडीच्या मागे आजोबांचा जुना गाडा होता. खोपीपासून बांधापर्यंत होडी ओढून न्यायला त्यांनीच तो केला होता. दोन लोखंडी चाकं, मध्ये एक लांब वासा, आणि दोन्ही बाजूंना वर उठलेले लाकडाचे दोन तुकडे. त्यांना ते 'कान' म्हणत, हे आजीनं सांगितलं. एक चाक निखळलेलं, आस गंजून गेलेला. भंगारात घालायला म्हणून मी तो बाहेर ओढला आणि उन्हात आडवा केला. मधल्या वाशाला वरच्या अंगाला खाच होती, होडीचा कणा बसेल एवढी. खाचेतलं लाकूड घासून गुळगुळीत, काळं झालेलं. रंगाचा मागमूस नाही. आणि दोन्ही कानांवर? हिरवा रंग जसाच्या तसा. जरासा ओरखडा, बस्स.

बाबा उकिडवे बसून बराच वेळ त्या कानांवरून बोट फिरवत होते. इतक्या वर्षांत शेकडो वेळा होडी या गाड्यावर चढली-उतरली असेल, आणि कानांवरचा रंगही गेला नव्हता. म्हणजे वजन सगळं कण्यावर. कान फक्त होडी कलंडू नये म्हणून. आजोबांनी हे कधी कोणाला समजावून सांगितलं नव्हतं. त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी बाबा मेस्तांना घेऊन आले. बेटावरचे हे वयस्कर सुतार, आजोबांच्या होडीच्या फटींत कापूस आणि राळ भरण्याचं काम वर्षानुवर्षं त्यांचंच. आता त्यांचे हात थरथरतात, पण होडीच्या पोटावर बोटांच्या पेरांनी ठोकून आतली फासळी कुठे आहे ते सांगतात. जिथे आवाज पोकळ येतो तिथे नुसती फळी, जिथे भरीव येतो तिथे फासळी. त्यांनी खडूनं सहा खुणा केल्या आणि मला म्हणाले, "मदल्या लाकडाचेर भार दवर गो बाये. कुशींक फकत आदार." मधल्या लाकडावर भार, कुशीला नुसता आधार. गाडा जे सांगत होता तेच.

पुढचं काम मी वहीत लिहून ठेवलंय. कोणाला कधी लाकडी होडी दुसऱ्या ट्रेलरवर बसवायची असेल तर उपयोगी पडेल, म्हणून इथे देते.

आधी होडीचं वजन. काटा कुठून आणायचा? माणसांचं वजन करायचा घरगुती काटा आम्ही वापरला. गाडीच्या जॅकनं होडी उचलली, नाळेकडचं टोक लाकडाच्या ठोकळ्यावर घेऊन तो ठोकळा काट्यावर ठेवला आणि मागचं टोक त्याच उंचीच्या दुसऱ्या ठोकळ्यावर टेकवलं. काट्यानं दाखवले ७४ किलो. मग काटा मागच्या ठोकळ्याखाली सरकवला. तिथे ९८. दोन्हींची बेरीज १७२ किलो, हे होडीचं पूर्ण वजन. दोन टेकूंमधलं अंतर ३.६० मीटर होतं. ९८ ला १७२ नं भागायचं आणि ३.६० नं गुणायचं. उत्तर आलं २.०५. पुढच्या टेकूपासून २.०५ मीटरवर होडीचा तोल होता. अकरावीत तरफेचं हे गणित मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. अंगणात ते खडूच्या एका रेघेत उतरलं. बाबांनी त्या जागी होडीच्या काठावर बाण काढला. तो अजून आहे.

मग ट्रेलरवरच्या त्या दोन गालिचावाल्या फळ्या काढून टाकल्या. मधल्या लोखंडी दांड्यावर मट्टीच्या लाकडाचा वासा बसवला आणि मेस्तांनी त्याला कण्याच्या मापाची खाच घेतली. बोल्टची डोकी लाकडात खोल बुडवली, वर आलेलं एक डोकंसुद्धा कण्याला खड्डा पाडू शकतं. बोल्ट सगळे स्टेनलेस. चोडणला मांडवीचं पाणी खारट, भरती-ओहोटीचं. साधा बोल्ट त्यात दोन पावसाळे काढत नाही.

ट्रेलरचा मधला दांडा होडीपेक्षा आखूड होता. होडी पुढे अडकणीला टेकवली की तिचा मागचा फूटभर भाग अधांतरी राहत होता. मागच्या फळीवर इंजिन लागतं, म्हणून होडीचा तो भाग मुळातच जड. अधांतरी ठेवला तर कणा हळूहळू मागे वाकतो, आणि वाकलेला कणा पुन्हा सरळ होत नाही. वेल्डरनं दांडा ४० सेंटिमीटरनं वाढवला, त्याच्या टोकाला एक रबरी रूळ बसवला आणि मागचे दिवे आणखी मागे नेले. आता होडीची मागची फळी बरोबर आधारावर येते आणि पाण्यात उतरवताना कणा रुळावरून सरकतो.

कान करणं सर्वांत वेळखाऊ. होडीच्या पोटाचा बाक पुढे वेगळा, मागे वेगळा. मेस्तांनी पुठ्ठा मागवला. फासळीच्या खुणेपाशी पुठ्ठा उभा धरायचा, एका छोट्या ठोकळ्यावर पेन्सिल टेकवून ठोकळा होडीच्या पोटाला लावून फिरवत न्यायचा. जो बाक होडीचा, तोच पुठ्ठ्यावर. तो कापायचा, लावून बघायचा, पुन्हा कापायचा. असे चार फर्मे झाले, दोन पुढचे, दोन मागचे. त्यांवरून लाकडाचे चार कान. कानांवर आम्ही कापड लावलं नाही. खाणींवर खनिज वाहून नेणाऱ्या पट्ट्याचा जुना तुकडा डिचोलीकडच्या भंगारवाल्याकडे मिळाला, तो कापून ठोकला. रबर पाणी धरत नाही. कान उभ्या पाइपवर वर-खाली करता येतील असे केले. आधी होडी कण्यावर बसवली, ओळंबा लावून सरळ केली, आणि मगच कान वर घेतले, फळीला जेमतेम टेकतील इतकेच. बाबा पोस्टकार्ड घेऊन आले होते. कान आणि फळी यांच्यामध्ये ते घालून ओढायचे. अडकत अडकत निघालं तर बरोबर. अजिबात निघालं नाही तर कानावर भार आलाय, खाली घ्यायचा.

शेवटचा प्रश्न ट्रेलरच्या तोलाचा. ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा थोडा भार गाडीच्या हुकावर यायला हवा. एकूण वजनाच्या साधारण पाच ते दहा टक्के. फार कमी असेल तर वेगात ट्रेलर शेपूट हलवल्यासारखा डावी-उजवीकडे झुलायला लागतो. फार जास्त असेल तर गाडीचं मागचं अंग दबतं. आमचा ट्रेलर ९० किलोचा, होडी १७२ किलोची, एकूण २६२. हुकाखाली तोच घरगुती काटा ठेवला. दाखवले ३ किलो. जुन्या मालकाची बोट वेगळी, तिचा तोल वेगळ्या जागी, म्हणून आस त्या जागी होता. या ट्रेलरचा आस चौकटीला यू-बोल्टनी आवळलेला असतो आणि पुढे-मागे करायची सोय मुळातच आहे. आम्ही तो २० सेंटिमीटर मागे सरकवला. काटा १८ किलोवर आला. २६२ चे सात टक्के म्हणजे १८ च्या आसपास. माझ्या भावानं टाळ्या वाजवल्या. तो नववीत आहे, त्याला काटा हलला की आनंद होतो.

आजी हे सगळं सोप्यावर बसून पाहत होती. तिनं कधी सल्ला दिला नाही. फक्त आम्ही दुपारी जेवायला उठलो की ती अंगणात जाऊन होडीच्या काठावर हात ठेवून उभी राहायची. एकदा तिनं मला विचारलं, "ह्या चाकांवर बसून ती आमच्या दारातून बाहेर पडणार, की तिला तोडणार?" मी म्हटलं, "बाहेर पडणार." ती म्हणाली, "मग तेल लावा. बिनतेलाची बाहेर काढू नका." पाचवा रविवार तेलात गेला.

मेच्या शेवटच्या रविवारी होडी अंगणाबाहेर पडली. नाळ अडकणीला घट्ट, तिथे दोरीशिवाय वेगळी साखळी. मागे दोन पट्टे, दोन्ही फासळीच्या जागेवरून घेतलेले, काठावर गोणपाटाची घडी. पट्टा आवळताना मेस्तांनी कान होडीपाशी नेला होता. लाकडानं जरा जरी कुरकुर केली की ते हात वर करायचे. काका आले होते. त्यांनी एकदा वाकून खालून पाहिलं, मग काही न बोलता दाराचा एक खांब वाचवायला पुढे उभे राहून बाबांना दिशा दाखवू लागले. "जरा डावीकडे. अजून. बस." खांब आणि चाकाचं पत्र्याचं झाकण यांत चार बोटांची फट होती.

फेरीबोटीवर आमचा नंबर लागला तेव्हा तिथल्या माणसानं होडीकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं आणि बाबांना विचारलं, "तुमचें व्हडें पेंवपाक विसरलां काय कितें?" पोहायचं विसरली की काय तुमची होडी! सगळे हसले. बाबाही हसले. वर्षभरानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं.

रायबंदरला उतरल्यावर पणजीपर्यंतचा तो लांब रस्ता. १६३३-३४ साली पोर्तुगीजांनी बांधलेला पूल, दोन्ही बाजूंना मिठागरं आणि खारफुटी. बाबा ताशी तीसनं चालवत होते. मी मागे वळून फक्त नाळ पाहत होते. ती हलत नव्हती. मग मांडवीवरचा पूल. खाली पाणी, वर होडी, आणि होडीला पाण्याची गरज नाही. आजीला हे बघून काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही. ती पुढच्या सीटवर होती आणि खिडकीतून खाली नदीकडे बघत होती.

पर्वरीच्या अंगणात जागा झाली. स्कूटर रस्त्याच्या कडेला गेल्या, तुळस कोपऱ्यात सरकली. पावसाळाभर ट्रेलरचं पुढचं टोक उंच टेकवून ठेवलं, म्हणजे होडीत आलेलं पाणी मागच्या बुचाच्या भोकातून वाहून जाईल. वर ताडपत्री, पण लाकडाला चिकटणार नाही अशी, काठ्यांवर उचललेली. मेस्तांनी निरोप पाठवला होता की खाऱ्या पाण्याला भिऊ नका, पावसाच्या गोड्या पाण्याला भ्या. लाकूड गोड्या पाण्यात लवकर कुजतं. पाऊस गेल्यावर ताडपत्री काढली आणि ऑक्टोबरच्या उन्हानं उलटंच केलं. फळ्या सुकल्या, सांध्यांतून बोटाचं नख जाईल अशा रेघा दिसू लागल्या. लाकडी होडी जमिनीवर राहिली की असं होतंच. ती पाण्यात फुगते आणि स्वतःच्या फटी स्वतः मिटवते, पण त्यासाठी तिला वेळ द्यावा लागतो. तळाशी पाणी भरून ठेवा असं कोणीतरी सुचवलं. बाबांनी हिशोब केला. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, तेही ट्रेलरवर, कण्यावर. त्यापेक्षा आत ओली गोणपाटं अंथरली.

आठ दिवस ती गोणपाटं रोज सकाळ-संध्याकाळ भिजवायची होती. बाबा बँकेत, मी कॉलेजात, भाऊ ट्यूशनला. नवव्या दिवशी आम्ही होडी काढायला गेलो तर गोणपाटं थंडगार ओली. रेघा गायब. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आई तुळशीला पाणी घालून आत येत होती. म्हणाली, "रोज तांब्या हातात असतोच. दोन बादल्या जास्त."

दसऱ्यानंतरच्या रविवारी होडी पाण्यात उतरली. ट्रेलर ओढून आणल्यावर आम्ही अर्धा तास नुसतेच धक्क्यावर बसलो. चालून आलेल्या चाकाचा हब गरम असतो, तसाच पाण्यात घातला तर आतली हवा आकसते आणि खारं पाणी बेअरिंगमध्ये शोषलं जातं. हब हाताला थंड लागल्यावर ट्रेलर उतारावर मागे घेतला. कणा रुळावरून सरकला, नाळ थोडी बुडाली, वर आली, आणि होडी पाण्यावर बसली. पहिल्या अर्ध्या तासात सहा बादल्या पाणी उपसलं. दुसऱ्या तासाला एक. संध्याकाळपर्यंत तळ कोरडा. बाबांनी वल्ही हातात घेतली. वल्ही त्यांच्या हातात सरळ चालत नव्हती, होडी जरा गोल गोल जात होती, पण जात होती. आजी काठावर उभी होती. आईनं तिचा हात धरला होता.

होडी विकून आलेले साडेसात हजार आमच्या वाट्याला आले असते. त्यातून काय झालं असतं, हे मी कधी कधी मोजते. नवीन वॉशिंग मशीनही आलं नसतं. ट्रेलर, वेल्डिंग, लाकूड, रबर, टायर, सगळं मिळून खर्च त्याच्या तिप्पट झाला. व्यवहाराच्या वहीत हा तोटाच दिसतो, आणि काका अजून तसं बोलून दाखवतात. पण आजोबांनी आयुष्यभर जे केलं त्यातलं किती थोडं आम्हाला माहीत होतं, हे त्या सहा रविवारांनी दाखवलं. त्यांची वही नव्हती, भाषण नव्हतं. एका वाशातली खाच आणि दोन कानांवरचा न गेलेला रंग एवढंच मागे होतं. तो गाडा भंगारात गेला असता तर तेही गेलं असतं.

गाडा आता आमच्या गच्चीवर आहे. चाकं काढून टाकलीत, लाकूड ठेवलंय. नव्या ट्रेलरच्या कानांच्या कडांना बाबांनी तोच हिरवा रंग लावला, रबराच्या पट्टीला थोडा वर येईल असा मुद्दाम. होडी आतापर्यंत चार वेळा चढली आणि उतरली. दर वेळी घरी आलो की बाबा टॉर्च घेऊन खाली वाकतात आणि तो रंग बघतात. अजून तसाच आहे.